पोरी काळ्या पडतात म्हणून ग्राउंड बंद करणाऱ्या आईबाबांना खुलं पत्र

समस्त पालकांनो, सप्रेम नमस्कार.

ग्राउंडवरच्या पळण्या-उड्यांच्या उन्हाळी शिबिराचा मेसेज मी ग्रुपवर टाकला की दरवर्षी तेच होतं. मुलांचे आईबाप फटाफट अंगठे दाखवतात आणि मुलींच्या आयांचे मला वेगळे फोन यायला लागतात. मॅडम ह्या वर्षी तिला सुट्टी देऊ का, मॅडम मामाकडे जायचंय, मॅडम कॉम्प्युटरचा क्लास लावलाय. मग थोडं इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि ठेवता ठेवता आवाज खाली आणून खरं कारण बाहेर पडतं, "उन्हात फार काळी पडते हो ती."

सातवीपर्यंत हा प्रकार नसतो. आठवी-नववीला सुरू होतो आणि अकरावी-बारावीला ग्राउंडवरच्या मुली मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मुलगे तेवढ्याच उन्हात तेवढेच रापतात, पार कोळसा होऊन घरी जातात, पण आजवर एकाही मुलाच्या आईने मला त्याच्या रंगाबद्दल फोन केलेला नाही. म्हणून सगळ्यांना एकदाच लिहितेय. बाबा लोकांनी पण वाचा, फोनवर आई बोलत असते पण मागून "सांग की, सांग" कोण म्हणतं ते मला ऐकू येतं.

एका आईने तर भर ग्राउंडवर लेकीच्या टी-शर्टची बाही दंडापर्यंत वर सारली आणि म्हणाल्या, "हा बघा मॅडम हिचा ओरिजिनल कलर." दंडावर पट्टीने आखल्यासारखी रेघ, वर गव्हाळ, खाली तांबूस काळं, आणि मनगटावर घड्याळाच्या जागी गोरा चौकोन. पोरगी मान खाली घालून उभी आणि चार हातांवर मुलं स्ट्रेचिंग करता करता बघतायत. तिने त्याच आठवड्यात 800 मीटरला आधीपेक्षा चांगला टाइम दिला होता, ते सांगायला मी तोंड उघडलं पण आई रेघेवरून खाली यायलाच तयार नाहीत.

तर आधी त्या रेघेबद्दलच बोलू. रापणं म्हणजे कातडी जळून काळी होणं, मळणं असं काहीतरी तुमच्या डोक्यात असतं, तसं नाहीये. कातडीच्या खालच्या थरात मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या गोऱ्या माणसात जास्त काळ्यात कमी असं काही नसतं, साधारण सारख्याच असतात, फरक त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात ह्याचा. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी पेशीतल्या डीएनएला धक्का बसला की शरीर मेलॅनिन वाढवतं आणि ते मेलॅनिन जाऊन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं बसतं. बस, एवढंच असतं रापणं. म्हणून ते पळाल्या पळाल्या दिसत नाही, दोनतीन दिवसांनी नीट दिसायला लागतं. आणि कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलत असतो, त्यामुळे ऊन कमी झालं की रंग हळूहळू आपोआप उतरतो. पावसाळ्यात तुमची तीच पोरगी बघा. जून-जुलैत एकही फोन येत नाही मला, का येत नाही ते आता कळलं असेल.

ऊन लागूच द्या असं मी म्हणत नाहीये हं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे भर दुपारी यूव्ही इंडेक्स 11 च्या वर जातो, म्हणजे त्या मोजपट्टीतली सगळ्यात वरची पायरी, आणि आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त म्हणून आपण थोडे सुरक्षित असलो तरी चटके बसायचे ते बसतातच. म्हणून तर शिबिर सकाळी 6 ला सुरू होतं आणि 8 ला मी सगळ्यांना घरी हाकलते, संध्याकाळी 5 नंतर परत. ज्यांना वाटतं मॅडम पोरींना दुपारच्या उन्हात तळतात त्यांनी एकदा येऊन बघावं, चहा माझ्याकडून.

उलट उन्हापेक्षा जास्त भीती मला त्या स्कार्फची वाटते. पुण्याच्या स्कूटीवरच्या पोरींचा अवतार आता आमच्या तालुक्यातसुद्धा आलाय, डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलेलं, हातात दंडापर्यंत मोजे. गाडीवर धुळीसाठी ठीक आहे, पण तसंच गुंडाळून, वर फुल बाह्यांचं जॅकेट घालून पोरगी 400 मीटरचे राउंड मारायला लागली तर घाम वाळणार कसा आणि अंग थंड होणार कसं? एक जण अशीच चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर पाणी पिऊन पहिलं वाक्य काय, तर "मॅडम स्कार्फ कुठाय माझा." आईची ताकीद होती, सोडलास तर उद्यापासून ग्राउंड बंद.

आता ह्याच्यापेक्षा वाईट गोष्ट सांगते, ह्या पत्रातलं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. पोरींच्या बॅगेत मला ट्यूब सापडायला लागल्यात. मेडिकलवाल्याने दिली, पार्लरवालीने दिली, मावशीने पाठवली. त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली औषधं असतात, डॉक्टरने ठराविक आजाराला ठराविक दिवस द्यायची. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण काउंटरवर नाव सांगा आणि घेऊन जा असं अजून सर्रास चालतं. सुरुवातीला पंधरा दिवस चेहरा काय चकाकतो, सगळे विचारतात काय लावतेस गं. मग कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा असा पेटतो की घाबरून परत तीच लावायची. आणि ऊन तर अजिबात सोसत नाही. आमच्याकडची एक उंच उडीची मुलगी अशी गेली, तिचे गाल ग्राउंडवर दहा मिनिटांत भाजल्यासारखे लाल व्हायचे. काळी पडते म्हणून लावली आणि त्यामुळेच उन्हात उभं राहता येईना.

बिनालेबलच्या डब्यांचं तर विचारूच नका. पारा मेलॅनिन बनण्याची क्रियाच अडवतो म्हणून गोरं करणाऱ्या चोरट्या क्रीममध्ये तो घालतात, कायद्याने बंदी असून. तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती, तिघींच्या किडनीला त्रास, मुंबईला केईएमपर्यंत जावं लागलं, आणि शेवटी निघालं काय तर गोरं होण्याच्या क्रीममध्ये पारा. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना पण एकामागोमाग एक असे पेशंट सापडले, वेगवेगळ्या घरातले, सगळ्यांच्यात सारखं काय तर असल्या क्रीम. जी आई पोरीला मैदानावरची धूळ बाधेल म्हणून जपते तीच हा डबा शंभर-दोनशे रुपयांना हौसेने आणते, ह्याला काय म्हणावं.

पार्लरच्या डी-टॅन आणि ब्लीचबद्दल मला एवढा राग नाही, करा बापडे. पण ब्लीच मुख्यतः चेहऱ्यावरची लव सोनेरी करतं म्हणून चेहरा उजळ दिसतो, टॅन "काढला" वगैरे काही नसतं, आणि ब्लीच करून दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर आलात तर चुरचुरणारच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मॅडमचं ठीक आहे, त्यांना लेक उजवायची नाहीये. बरोबर आहे. मला माहितीये तुम्ही दुष्ट नाही आहात. आमच्या ग्राउंडवरच्या निम्म्या मुलींचे आईबाप शेतात आहेत, काहींच्या आया दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. एक बाबा मला स्वच्छ म्हणाले होते, मॅडम आम्ही जन्मभर उन्हात राबलो ते ही सावलीत बसून पगार घेईल म्हणून, आणि तुम्ही तिला परत उन्हातच आणताय. मला पटकन उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे काळं पडणं म्हणजे राबणं, राबणं म्हणजे गरिबी, हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही, आणि त्यात जात पण असते, ती कुणी तोंडाने बोलत नाही एवढंच. मग बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन म्हणतात, मुलगी नाकीडोळी नीटस आहे पण रंगाने डावी, आणि पुढचं बोलणं कशावर जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे पण रंग कमी म्हणून आकडा वाढवायची पद्धत त्या कायद्याला विचारायला जात नाही. तुम्ही घाबरता ते त्या पोह्यांच्या प्लेटीला, उन्हाला नाही, हे मला कळतं.

पण गंमत बघा. 2023 ला नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या, आपला महाराष्ट्र पदकात पहिला आला, तेव्हा मी बघायला गेले होते. एक संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून कळंगुटला गेलो तर किनाऱ्यावर काय दृश्य, परदेशी पाहुणे तेल चोपडून उताणे पडलेत, दर थोड्या वेळाने कूस बदलतायत म्हणजे सगळीकडून सारखं व्हावं, आणि त्यांच्या शेजारून आपली मंडळी ओढणी डोक्यावरून घेऊन, तोंड झाकून सेल्फी काढतायत. ते विमानाचं तिकीट काढून काळे व्हायला आलेत आणि आपण पैसे देऊन तोच रंग खरवडून काढतो.

आणि त्यांच्याकडे कायम असं होतं असंही नाही. पूर्वी युरोपात आपल्यासारखंच होतं, रापलेला म्हणजे शेतात राबणारा, म्हणून बड्या घरच्या बायका चेहऱ्याला शिशाची पांढरी भुकटी फासायच्या, ती विषारी असून. मग कारखाने आले, खाणी आल्या, गरीब माणूस आत कोंडला गेला आणि फिकट पडला. त्यात टीबी, अंधाऱ्या खोल्या. डॉक्टर लोक सूर्यप्रकाश घ्या सांगायला लागले, कातडीच्या टीबीवर प्रकाशाचे उपचार केले म्हणून फिन्सेन नावाच्या डॉक्टरला 1903 चं नोबेल मिळालं. आणि 1920 च्या पुढे श्रीमंत लोक फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाऊन रापून यायला लागले, कोको शानेल बोटीवरून रापून उतरली आणि फॅशन झाली असं सांगतात, एकटीमुळे झाली नसणार पण दशक तेच. म्हणजे रापलेला चेहरा हा ह्या माणसाकडे सुट्टी घालवायला पैसे आहेत ह्याचा पुरावा झाला. मग ज्यांना किनाऱ्यावर जायला जमत नाही त्यांच्यासाठी दिव्यांच्या पेट्या निघाल्या, आत झोपायचं आणि तांबूस होऊन बाहेर यायचं. 2009 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्या पेट्या तंबाखूच्या रांगेत नेऊन बसवल्या, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या यादीत. ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने पण नंतर पार्लरमधल्या पेट्या बंद केल्या. तरी लोक झोपतात. तिकडची वीस वर्षांची पोर फिकी दिसते म्हणून पेटीत जाते आणि इकडची काळी दिसते म्हणून पाऱ्याचा डबा उघडते. दोघींना नक्की काय दाखवायचं असतं, तर मला राबावं लागत नाही. रंग बदलला, हिशोब तोच.

विठ्ठल काळा, कृष्ण सावळा हे मी मुद्दामच काढत नाहीये, कारण ते सगळ्यांना पाठ आहे आणि त्याचा घरात शून्य उपयोग होतो. आषाढीला सावळ्या रूपाचे स्टेटस ठेवायचे आणि गरोदर सुनेला केशराचं दूध पाजायचं, बाळ गोरं व्हावं म्हणून, हे दोन्ही एकाच घरात बिनबोभाट चालतं.

आणि जाहिरातींनी आपल्या डोक्याचं जे केलंय ते वेगळंच. फेअर अँड लव्हली 1975 ला आली, म्हणजे आता मुलींच्या आज्या पण तीच लावत मोठ्या झाल्यात. 2020 ला नावातलं "फेअर" काढून "ग्लो" केलं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंग निवडायचा पर्याय काढून टाकला, पेपरात बरंच कौतुक झालं. चांगलंच आहे ते. पण आपल्या तालुक्यातल्या मध्यस्थ काकांच्या वहीत तो रकाना अजून आहे, गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, आणि काळी कुणीच लिहीत नाही, तिथे "सावळी, स्मार्ट" असं लिहितात.

आता फ्लेक्सची गोष्ट. आपली एक मुलगी गोळाफेकीला विभागाला गेली, गावाने चौकात हा एवढा फ्लेक्स लावला, हार्दिक अभिनंदन, खाली सतरा शुभेच्छुक. मला फार आनंद झाला, गाडी थांबवून बघायला गेले तर ओळखू येईना. फ्लेक्सवाल्याने कुणी न सांगता तिला दुधासारखी करून टाकली होती, ओठ गुलाबी, मागे हिरवं ग्राउंड. ती पोरगी माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "मॅडम हिने टाकला का गोळा?" आणि हसली. सगळ्या मैत्रिणी हसल्या. मी दुकानात जाऊन विचारलं तर तो म्हणे, अहो मॅडम सगळ्यांनाच करतो, तसाच सोडला तर लोक म्हणतात फोटो खराब आला, पैसे कापतात. शुभेच्छुक मात्र सगळे ओरिजिनल कलरमध्ये होते, पुरुषांना काय लागतंय.

ललिता बाबर आपल्याच सातारा जिल्ह्याची, माण तालुक्यातल्या मोहीची. माणमधलं ऊन काय असतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पोचली आणि दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या फायनलला गेलेली ती पहिली भारतीय बाई. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तिचा फोटो शाळेत लावायला वर्गणी दिलीय. मग तीच वर्गणी देणारा माणूस घरी येऊन लेकीला म्हणतो, पुरे झालं आता पळणं, आरशात बघ जरा.

बरं, ऑलिंपिक सोडा, ते सगळ्यांसाठी नसतं आणि मी पण तशी स्वप्नं विकत नाही. पोलीस भरती घ्या. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मैदानी 50 मार्क, महिलांना 30 टक्के जागा. दरवर्षी आपल्या ग्राउंडवरच्या पोरी लागतात. त्यात रंगाला किती मार्क ते जाहिरातीत शोधून मला पण सांगा. आणि ज्या बाबांनी मला सावलीतल्या पगाराचं विचारलं होतं त्यांना आता उत्तर देते, सरकारी पगाराच्या सावलीत जायची वाट आपल्याकडे बऱ्याच पोरींना ह्या 400 मीटरच्या उघड्या ट्रॅकवरूनच जाते, दुसऱ्या वाटेला कोचिंगची फी लागते आणि ती तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नव्हती. आणि हो, वर्दी अंगावर आली की तीच मध्यस्थ मंडळी वहीतला रकाना बोटाने झाकून घरी येतात, हे मी डोळ्याने पाहिलंय. ते चांगलं आहे असं नाही म्हणत, आहे ते सांगतेय.

आता कामाचं बोलू. शिबिर 15 एप्रिलपासून. मुलींना कॅप द्या, स्कार्फ नको. सुती, सैल, फुल बाह्यांचा टी-शर्ट चालेल, जॅकेट नाही. सनस्क्रीन लावायचं असेल तर जरूर लावा, एसपीएफ 30 पुरे, घाम येतो म्हणून मधे परत लावायचं, पण ते चटका बसू नये म्हणून, गोरं व्हायला नाही, आणि सनस्क्रीन आहे म्हणून दुपारी सोडायचं असंही नाही. कुठलीही ट्यूब, डबा, पुडी बॅगेत सापडली तर मी ठेवून घेणार आणि तुम्हाला ग्राउंडवर बोलावणार, भांडायचं असेल तर तिथे भांडू. आधीच स्टिरॉइडचं मलम सुरू असेल तर एकदम बंद करू नका, आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवा, सिव्हिलला ओपीडीत दाखवता येतं.

आणि एक विनंती, तिच्यासमोर तिच्या रंगावर बोलू नका. मावशी, आत्या, शेजारच्या काकू "अगोबाई किती काळवंडलीस" म्हणून दारातच स्वागत करतात ना, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. तुम्हाला नातं सांभाळायचं असतं मला माहितीये, पण त्या वाक्यानंतर पोरगी दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर येते तेव्हा तिचं लक्ष स्टार्टच्या शिटीकडे नसतं, ती सावली कुठे आहे ते बघत असते. मला लांबून कळतं कोणाच्या घरी काल पाहुणे आले होते.

शेवटचं तीन घरांसाठी, नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. 4 बाय 100 रिलेला चार पोरी लागतात आणि माझ्याकडे आता एकच उरलीय. तुमच्या तिघींचा बॅटन बदलायचा हात इतका बसला होता की मला ओरडावं लागत नव्हतं. दोन वर्षांनी स्थळं बघायची म्हणून आत्तापासून रंग जपायचा हे कारण मला फोनवर सांगितलंत, तेच तिला समोर बसवून सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. रविवारी सकाळी 7 ला पालक मीटिंग आहे, शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत. आयांना नेहमी पाठवता, ह्या वेळी बाबांनी यायचंय.

तुमच्या मुलींची,
ग्राउंडवरची मॅडम